कापराची एकच पुरचुंडी

५ ऑगस्ट २००९, बुधवार. नारळी पौर्णिमा

अथर्वशीर्ष एकवीस वेळा. नारळीभात केला. सुनूला वेलचीचा वास सहन झाला नाही, दोन घास खाऊन उठली. सातवा संपत आला तरी वासाचं तेच.

आमच्या पिठाच्या गिरणीवर पेपर येतो तो हे दुपारी जेवायला येताना घेऊन येतात. आज घडी करून खिशात ठेवला होता, मी मागितला तेव्हा दिला. पुण्यात त्या स्वाईन फ्लूने शाळेतली मुलगी गेली. शाळेत जाणारी मुलगी. तापाने. मी दोनदा वाचलं, मग पेपर देवघराच्या फडताळावर ठेवला. का ते माहीत नाही.

सुनूला आषाढातच बाळंतपणाला आणली ते देवानेच सुचवलं. जावईबापू तिकडे पुण्यातच, कारखान्याला सुट्टी नाही. फोनवर म्हणाले, "आई, इथे सगळे तोंडाला फडकं बांधून फिरतात, बायको समोरून गेली तरी कळायचं नाही." हसत होते. मला हसता आलं नाही.

तारीख दसरा झाल्यावरची आहे. तोवर हिला पोलादपूरच्या बाहेर पाठवायची नाही.

८ ऑगस्ट, शनिवार

पुण्याहून वन्संचा फोन. तिकडे सगळे कापूर नि वेलदोडे कुटून फडक्यात बांधतात आणि तासातासाला हुंगतात. जंतू नाकाशीच मरतो. त्यांच्या सोसायटीत डॉक्टरीणबाईसुद्धा करतात म्हणाल्या.

लगेच केली. ह्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा, देवाच्या डबीतला भीमसेनी कापूर, सात वेलदोडे. एकच केली. घरात माणसं तीन, आळीपाळीने लावता येते. दोरा लाल घेतला, दृष्टही लागायला नको.

सुनू म्हणाली, "आई, मला मळमळतं त्याने." म्हटलं, लांबून घे पण घे.

१० ऑगस्ट, सोमवार

हे महाडला जाऊन आले. औषधाच्या दुकानात मास्क संपले. उरलेल्या धोतराचे मी शिवले, सहा. ह्यांनी एक लावून आरशात पाहिलं. "गिरणीत पिठाला बरा हाय," म्हणाले. तेवढ्यापुरताच लावतात. लोक हसतात म्हणे.

१३ ऑगस्ट, गुरुवार

समोरच्या हमीदाचा नवरा युसूफभाई कुवेतहून आला. रोज्यांसाठी येतोच दर वर्षी. पण या वेळी टॅक्सीतून उतरला तो मुलांना जवळसुद्धा न घेता बाहेरच्या जिन्याने थेट माळ्यावर. धाकटी अंगणात उभी राहून रडत होती.

आळीत तासाभरात झालं. विमानतळावर पकडला होता, सोडून दिला, पैसे दिले, काय काय. मी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. सुनूला माजघरात निजवली.

संध्याकाळी हमीदा दळणाचा डबा घेऊन आली. मी उंबऱ्यातूनच म्हटलं, "डबा ओट्यावर ठेव, पीठ तिथेच ठेवू. आमच्याकडे पोटुशी आहे."

ती थांबली. म्हणाली, "वयनी, त्यांना ताप नाय, काय नाय. कागद दिलाय बरे असल्याचा. त्यांनी सोताच ठरवलाय आठ दिवस वर राहायचा. बरोबरचे एकाला झाला होता तिकडं."

"मग तर झालंच," मी म्हटलं.

"तुमच्या गिरणीत रोज शंभर माणूस येतंय, त्याला कोण इचारत नाय. आमचा एकच हाय, तो पण माळ्यावर." डबा ठेवून गेली.

पोथी वाचताना मन लागलं नाही. अध्याय पुन्हा वाचावा लागला.

१६ ऑगस्ट, रविवार

समोरची गंमत. माळ्याच्या खिडकीतून दोरीला बांधून टोपली खाली येते, हमीदा त्यात ताट ठेवते, टोपली वर जाते. ताट धुवायला खाली आलं की ती आधी उकळतं पाणी ओतते, मग हात लावते. धाकटी जिन्याच्या पायरीवर बसून वरच्या बाबाशी बोलते, मधे सात पायऱ्या. सुनू खिडकीच्या फटीतून बघत होती. "आई, काय शिस्त आहे गं," म्हणाली.

मी म्हटलं, भीती आहे ती, शिस्त कसली.

१९ ऑगस्ट, बुधवार

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. घरोघर सांगत फिरतात. पडवीत बसल्या, चहा नको म्हणाल्या. सांगितलेलं लिहून ठेवते: शिंकताना कोपर तोंडावर. हात साबणाने, घाईत नाही. ताप-खोकला असेल त्याने सात दिवस घरात, वेगळ्या खोलीत. गर्दीत जायचं नाही. गरोदर बाईला फार जपायचं, तिला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

मग बोट समोर करून म्हणाल्या, "तसं. त्या माळ्यावरच्यांसारखं सगळ्यांनी केलं तर मला चपला झिजवायला नकोत."

आळीत ज्याला वाळीत टाकल्यासारखं केलं त्याचाच दाखला.

जाताना खुंटीवरची पुरचुंडी त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली. "वास छान आहे काकू. पण याने काही होत नाही. हात धुवा." मला राग आला. देवाचा कापूर आहे तो.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

युसूफभाई खाली आला. आठ दिवस पुरे. धाकटीला खांद्यावर घेऊन आळीतून फिरला, मुद्दाम. त्यांच्या घरात कुणाला शिंकसुद्धा नाही. त्यांचे रोजे नि आमचे गणपती यंदा एकदमच आलेत.

हमीदाने दारावरून खजूर दिले, सुनूसाठी. मी घेतले. तिने काही बोलून दाखवलं नाही, तेच जास्त लागलं.

२२ ऑगस्ट, शनिवार. हरतालिका

निर्जळी उपास. डोंबिवलीहून मोठे भावजी नि जाऊबाई आले. रात्रभर गाडीत, पाय सुजलेले. भावजींचा घसा बसलेला, खोकतात.

हे म्हणाले, "दादा, डॉक्टरला दाखवलास काय?"

"अरे मुंबईत सगळ्यांनाच खोकला हाय. प्रत्येकाला फ्लू म्हणायला लागलो तर गणपती कोण आणील?"

सिस्टरचे सात दिवस आठवले. जिभेवर आलं होतं, गिरणीच्या मागची खोली मोकळी आहे, तिथे निजा. आलं नाही बाहेर. मोठे दीर. ह्यांचे वडील गेल्यापासून मूर्तीची प्रतिष्ठापना त्यांच्या हातून होते. त्यांना वेगळं बसा कोण म्हणणार. सुनूला फक्त म्हटलं, तू काकांच्या फार जवळ नको. ती म्हणाली, "आई, काका माझ्यासाठी बाळंतविडा घेऊन आलेत."

२३ ऑगस्ट, रविवार. गणेश चतुर्थी

गणपती बसले. मूर्ती प्रसन्न, या वर्षी डोळे छान काढलेत.

आरतीला माणसं बसली त्यांची नावं नेहमीप्रमाणे लिहिली. सासूबाईंची पद्धत, विसर्जनाच्या दिवशी शिदोरीचा प्रसाद देताना आरतीला बसलेला एकही माणूस सुटू नये म्हणून. बसायला मानाप्रमाणे, लिहायचंही मानाप्रमाणे:

मोठे भावजी. जाऊबाई. हे. तात्या (शेजारचे, पखवाज). तात्यांच्या पत्नी कुसुमताई. सुनू. गिरणीवरचा गडी लक्ष्मण. मागल्या दारची मंदा. मी.

मास्क मी वाटले होते. भावजींनी गळ्यात लटकवला. "देवापुढे तोंड बांधून आरती होते काय गो?" मग सगळ्यांनीच काढले. मला तेही खोटं वाटलं नाही. म्हणून म्हटलं, निदान पुरचुंडी तरी हुंगा सगळ्यांनी, मगच आरती. पहिली भावजींना दिली. त्यांनी नाकाला दाबून असा श्वास घेतला की शिंक आली, तीही त्यातच. सगळे हसले. "जंतू गेला," म्हणाले, आणि पुढे दिली. विड्याच्या तबकासारखी हातोहात फिरली. तात्यांनी घेतली नाही, त्यांना कापराने धाप लागते. मंदा उशिरा आली, दारातच उभी राहिली, चुलीवर दूध होतं. तिला मी दारात नेऊन दिली, हुंगून प्रसाद घेऊन पळाली. सुनू नको म्हणत होती. मी स्वतः तिच्या नाकाला लावली.

शेवटी मी. मग निरांजन.

सुखकर्ता म्हणताना डोळे भरले. सगळं घर बसलं होतं.

२४ ऑगस्ट, सोमवार

आज आळीतल्या चार घरी आरत्या, घरांची नावं समासात लिहिलीत. पुरचुंडी बरोबर नेली. आता सगळे मागून घेतात. कुसुमताई म्हणाल्या, "वहिनी, तुमची पुरचुंडी आल्याशिवाय आरतीला रंग नाही." मला बरं वाटलं. खोटं का लिहू.

२६ ऑगस्ट, बुधवार

गौरी आल्या. मोठे भावजी सकाळपासून निजून. अंग भाजतंय. काढा दिला. जाऊबाई म्हणतात हवाबदल. "सवच्या गरम पाण्याच्या कुंडात एक डुबी मारली असती तर उतरला असता," म्हणाल्या. त्यांचाही आवाज बसलेला.

सुनूला तात्यांच्या घरी झोपायला पाठवली. उशीर झाला असं पाठवतानाच वाटलं, लिहायला आत्ता हात धजावतोय.

२७ ऑगस्ट, गुरुवार

गौरी जेवल्या. हळदीकुंकवाला बायका कमी. मंदा आली नाही, ताप आहे. तिची सासू सांगून गेली. कुसुमताईंनाही कसर. सगळ्या म्हणतात साथ आहे, आभाळ आहे, येतंच या दिवसांत.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

सावित्री नदीवर विसर्जन. हे कण्हत कण्हत गेले, परत येऊन पांघरूण घेऊन पडले. लक्ष्मणही गिरणीवर आला नाही. गिरणी बंद.

भावजी नि जाऊबाई तापाची गोळी घेऊन दुपारच्या गाडीला गेले. कामावर हजर व्हायचंय. मी अडवलं नाही. त्या गाडीत पन्नास माणसं असतील, तेव्हा मनात आलं नाही.

सार्वजनिक मंडळाची पोरं आली होती. अनंतचतुर्दशीपर्यंत त्यांचा गणपती. "काकू, तुमची पुरचुंडी द्या ना, मांडवात दर्शनाच्या रांगेला लावतो." आमचं झालंच होतं. वास अजून होता, थोडा कापूर आणखी घातला आणि दिली. टाकून कशाला द्यायची.

२९ ऑगस्ट, शनिवार

सुनूला ताप.

सिस्टरचं वाक्य आठवलं, त्याच दिवशी. रिक्षा मिळेना. युसूफभाईने त्याच्या मेहुण्याची जीप आणली. काही न विचारता. हमीदा म्हणाली, "वयनी, पुढं बसा तुम्ही. काच उघडी ठेवा." आणि माझ्या हातात एक न वापरलेला मास्क दिला, त्याच्या कुवेतच्या पिशवीतला.

महाडला सरकारी दवाखान्यात. डॉक्टर तरुण आहेत. घशातला नमुना घेतला, पुण्याला जाणार. रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू. "आठव्या महिन्याची बाई आहे. मी थांबणार नाही," म्हणाले. ते थांबणार नाहीत म्हणाले त्याची मला जास्त भीती वाटली.

तिला वेगळ्या खोलीत ठेवली. मला आत यायचं नाही. दाराला काच आहे.

३० ऑगस्ट, रविवार

ताप हटत नाही. श्वास भराभर घेते. नळी लावली नाकाला.

जावईबापूंना येऊ नका म्हणून सांगितलं डॉक्टरांनीच. ते फोनवर म्हणाले, "आई, मी तिला सुरक्षित राहावी म्हणून तिकडे पाठवली," एवढंच. त्यात दोष नव्हता. पण मला तो लागला.

श्वास आणखी वाढला तर पुण्याला न्यावं लागेल. घाटाचा पावसात भरवसा नाही. डॉक्टर म्हणाले बघू, रोज बघू.

रामरक्षा. मोजल्या नाहीत किती.

३१ ऑगस्ट, सोमवार

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर. पिशवीत हीच वही. दुपारी सिस्टर आल्या, आपल्या पोलादपूरच्याच, नमुने घेऊन आल्या होत्या. बाजूला बसल्या, मधे एक माणूस बसेल इतकी जागा ठेवून. विचारलं, "काकू, घरात अजून कोण आजारी? पहिलं कोण? आठवतं?"

म्हटलं, आठवायला कशाला हवं, लिहिलेलं आहे.

२३ तारखेचं पान काढलं. एकेका नावापुढे सांगत गेले. भावजी, ताप. जाऊबाई, काल फोन केला, ताप. हे, ताप. तात्या, काही नाही. कुसुमताई, ताप. सुनू. लक्ष्मण, ताप. मंदा, ताप.

सिस्टर म्हणाल्या, "आरतीत गायले म्हणून असेल. तोंडं उघडी."

मी हो म्हटलं. त्या गेल्या. मी पान उघडं ठेवून बसले होते.

मंदा गायलीच नव्हती. ती दारात होती. दूध होतं तिचं चुलीवर.

१ सप्टेंबर, मंगळवार

लिहिते. कुणाला तरी लिहिलंच पाहिजे.

तात्या पखवाज घेऊन भावजींना खेटून बसले होते. दीड तास. सगळ्यात मोठ्याने गायले. घरी बायको तापाने फणफणलीय, तिला भात भरवतात. तात्या ठणठणीत. तात्यांनी फक्त एक गोष्ट केली नाही.

मंदा घरात आलीच नाही. भावजींच्या जवळपास फिरकली नाही. मंदाने फक्त एकच गोष्ट केली. ती मी दारात नेऊन केली.

पुन्हा पुन्हा त्या दोन नावांवर बोट ठेवून पाहिलं. वेगळं काही निघावं म्हणून. चोवीस तारखेच्या चार घरांची नावंही काढली. ह्यांना फोन करून एकेक घर विचारलं. ते वैतागले, अंगात ताप, "तुला आत्ता जनगणना सुचतेय काय?" पण सांगितलं. ज्या घरी पुरचुंडी पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत फिरली तिथे माणसं पडलीत. तात्यांच्या घरी फक्त कुसुमताईंनी घेतली होती.

शिंक भावजींची त्या फडक्यात. फडकं ओलं. मग प्रत्येकाच्या नाकाशी. माझ्याच हाताने.

घरात वेलदोडे डबाभर होते. धोतराचं फडकं होतं. प्रत्येकाला एकेक करून द्यायला माझं काय जात होतं. मी एक केली. एकात भागतं म्हणून केली. चांगल्या संसाराची खूण समजत आले मी ती, सगळं आयुष्य.

सुनू नको म्हणत होती.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांना दाखवलं. वही हातात घेतली नाही, मी धरली, त्यांनी वाकून वाचलं. पुष्कळ वेळ. म्हणाले, "असं होऊ शकतं. नाकाचं पाणी, हात, फडकं. पण नक्की नाही सांगता येत. गाडीतून, गिरणीतून, कुठूनही आलं असेल. तुम्ही स्वतः हुंगली होती?"

हो. शेवटी. रोज.

"आणि तुम्हाला काही नाही."

नाही.

"बघा म्हणजे," ते म्हणाले. पण वहीकडे पुन्हा बघितलं त्यांनी.

मला का नाही झालं, हे देवाला विचारायचं धाडस होत नाही.

संध्याकाळी, मांडवाची आठवण झाली. ती अजून तिथे आहे. रांगेला.

२ सप्टेंबर, बुधवार

सकाळी ह्यांना फोन. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुणाकडे बोलू नकोस. मंडळाच्या पोरांना मी गुपचूप सांगतो, काढून टाका, वास गेला म्हणून."

म्हटलं, तेवढ्याने काय होणार. कुसुमताईंनी केलीय, पवारांच्या घरी केलीय, माझं बघून घराघरात एकेक लटकलीय. वास गेला म्हटलं तर ताजा कापूर घालतील.

"आळीत राहायचंय आपल्याला. गिरणी चालवायचीय. लोक म्हणतील गिरणीवालीने माणसं आजारी पाडली. आणि तुला कुठं काय झालं? म्हणजे पुरचुंडीचा नाय तो."

"मी युसूफभाईला ओट्यावरून पीठ दिलं," मी म्हटलं. "त्याला काही नसताना."

ते खोकले. मग "तुला काय करायचा तो कर," म्हणून ठेवला. रागाने नाही ठेवला.

ह्यांना ताप, उठवत नाही. मी इथे. उद्या अनंतचतुर्दशी, उद्या सगळं गाव मांडवात. हमीदाला फोन लावला. म्हटलं, मांडवात जाऊन ती पुरचुंडी काढून जाळून टाकशील का.

ती म्हणाली, "मी नाय वयनी. मी गणपतीच्या मांडवातून काय उचललं तर गोष्ट भलतीकडंच जाईल. तुमची वस्तू, तुम्हीच सांगा."

"मी कशी सांगू, मी महाडला."

"फोन हाय ना. दुपारच्या आरतीला मी मांडवाच्या बाहेर उभी राहते, मंडळाच्या पोराच्या हातात फोन देते, तो माईकपाशी धरील. तुम्ही बोला."

माईकवर मी आयुष्यात बोलले नाही. शाळेत मॅट्रिकला असताना कविता म्हणायला उभी केली होती, तेव्हाही रडले होते.

हमीदा म्हणाली, "आठ दिवस लोकांनी आमचे घराकडं बघून थुंकलं. मेली काय मी?"

एक वाजता. बाकड्यावरून उठून नळापाशी गेले, तिथे कोणी नव्हतं. फोनमधून टाळ ऐकू आले, मग थांबले. पोरगा म्हणाला, बोला काकू.

काय बोलले ते जसंच्या तसं आठवत नाही. नाव सांगितलं. म्हटलं, रांगेला लावलेली पुरचुंडी माझ्या हातची आहे. ती कुणी हुंगू नका. एकाचं नाक लागलेलं फडकं दुसऱ्याने नाकाला लावू नका. आमच्याकडे जो आजार फिरला तो बहुतेक त्यातून फिरला. माझी मुलगी आठ महिन्यांची गरोदर आहे, ती इथे नळीवर आहे, तिच्या नाकाला मीच लावली. घरोघर केल्यात त्या जाळा. ताप असेल त्याने उद्या मिरवणुकीत येऊ नका, सात दिवस घरात बसा. गणपती रागावणार नाही. एवढं मी कोण सांगणार, पण म्हटलं.

मग पुढे काय बोलायचं कळेना. मोरया म्हटलं आणि फोन ठेवला.

हात साबणाने धुतले.

३ सप्टेंबर, गुरुवार. अनंतचतुर्दशी

हमीदाने सांगितलेलं: मी बोलल्यावर मागून एकजण म्हणाला, "म्हातारी भ्रमिष्ट झालीय पोरीच्या काळजीने." दोघे-तिघे हसले. मंडळाचा एक मुलगा म्हणाला देवाचा कापूर जाळायचा म्हणजे काय. तेवढ्यात तात्या उठले. पखवाज बाजूला ठेवला. पुरचुंडी काठीने काढली, हात न लावता, आणि धुपाच्या शेगडीत टाकली. म्हणाले, "मी हुंगली नाय. मी एकटाच उभा हाय घरात. आता हसा."

मंदाची सासू हमीदापाशी येऊन म्हणाली, "तिला सांग, माझी सून मेली तर तिच्या दारात आणून टाकीन." मंदाचा ताप उतरतोय, तरी म्हणाली. म्हणू दे. तिचा हक्क आहे.

मिरवणूक निघाली. गर्दी नेहमीपेक्षा कमी की तेवढीच, हमीदाला सांगता येईना. "घराच्या दारात उभी होती काही माणसं, तोंडाला फडकं बांधून," म्हणाली. "आधी नव्हती तशी."

सुनूचा ताप सकाळी उतरला होता, दुपारी पुन्हा चढला. श्वास तसाच. पुण्याचं उद्या ठरवू म्हणाले.

डोंबिवलीला फोन. जाऊबाई बऱ्या. भावजी दवाखान्यात, छातीत न्यूमोनिया. मी त्यांना पुरचुंडीचं सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्यामुळे?" म्हटलं, आपल्यामुळे.

५ सप्टेंबर, शनिवार

रिपोर्ट पुण्याहून आलेला नाही. सुनूला पुण्याला न्यायचंही अजून ठरत नाही.

सिस्टर आल्या होत्या. २३ नि २४ ची पानं त्यांनी त्यांच्या कागदावर उतरवून घेतली, वरच्या डॉक्टरांना दाखवायला. म्हणाल्या, "काकू, अशी नावं मला कुणी देत नाही. सगळे म्हणतात आठवत नाही." मी विचारलं, यावरून कळेल का नक्की? म्हणाल्या, "नक्की नाही. पण पुढच्या घरी सांगायला काहीतरी मिळालं." मग थांबून, "तुमच्याकडे काय मोडलं आणि समोरच्या माळ्यावर काय पाळलं, दोन्ही सांगेन. नाव न घेता." मी म्हटलं, माझं घ्या.

वहीत नवीन पान पाडलंय. वर तारीख तीन सप्टेंबर. मिरवणुकीनंतर आळीत कोण पडतं ते लिहायचं. आज संध्याकाळपर्यंत दोन नावं. ती आधीची की नंतरची, पुरचुंडीची की मिरवणुकीची, सांगता येत नाही. खाली जागा सोडलीय.

दुपारी सुनू जागी झाली. काचेतून मला शोधत होती. डॉक्टरांनी दार थोडं उघडलं, उंबऱ्यापर्यंत या म्हणाले, मास्क लावून, लांबून. उभी राहिले. मधे अंतर, मोजलं तर सात-आठ पावलं.

नाकावरची नळी बाजूला न करता म्हणाली, "आई, हलतंय. ये ना, हात लाव."

पाय पुढे गेला होता. मला ताप नाही, खोकला नाही. पण मी रोज हुंगली होती. माझ्यात काय आहे, माझ्या हाताला काय आहे, ते मला माहीत नाही.

पाय मागे घेतला. म्हटलं, "नाही बाळा. इथूनच."

तिला राग आला नाही. स्वतःचाच हात पोटावर ठेवला, डाव्या बाजूला, जरा खाली, आणि मला दाखवलं कुठे ते. मग थोडं वर. मग पुन्हा खाली. मी उंबऱ्यावरून बघत होते.